स्क्रीन चालू, कॉम्प्युटर मुका

विंडोज 10 ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे नेहमीचे सुरक्षा अपडेट 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबले. तेव्हापासून लातूर, नांदेड, परभणीकडच्या कॉम्प्युटरच्या दुकानांत "यात अकरा टाकून द्या" ही विंडोज 11 ची मागणी नेहमीची झाली आहे. डोळस गिऱ्हाईक मशीन घरी नेतं, स्टार्टचं बटण मधे सरकलंय म्हणून थोडं कुरकुरतं आणि आठवड्याभरात सरावतं. ज्याला दिसत नाही, त्याची गोष्ट वेगळी. मशीन सुरू होतं, पंखा फिरल्याचा आवाज येतो आणि पुढं काहीच ऐकू येत नाही. दुकानात फोन लावावा तर पलीकडून विचारणा होते, "सर, स्क्रीन तर चालू हाय की. बंद काय हाय मग?"

त्याचंही खरंच असतं. स्क्रीन चालूच असते. बंद पडलेला असतो स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्रॅम. स्टार्टचं बटण डावीकडे आहे की मधे, याच्याशी अंध माणसाला काही देणंघेणं नसतं. तो कीबोर्डवरची विंडोजची कळ दाबतो आणि ती जिथल्या तिथंच असते. डोळसांना जाणवणारे बहुतेक बदल त्याच्यापर्यंत पोचतही नाहीत. त्याचं काम अडतं ते डोळसांच्या नजरेला कधीच न पडणाऱ्या बदलांमुळे.

स्क्रीन रीडर कॅमेऱ्यासारखा स्क्रीन बघून वाचत असेल, असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात तो विंडोजला आणि चालू असलेल्या प्रोग्रॅमला सतत प्रश्न विचारत असतो. आत्ता फोकस कशावर आहे? त्याचं नाव काय? ते बटण आहे, चेकबॉक्स आहे की लिहायची चौकट? निवडलेलं आहे का? या प्रश्नांची उत्तरं प्रोग्रॅमने आधीच मांडून ठेवलेली असतात. खिडकीच्या पोटात मेन्यू, मेन्यूच्या पोटात त्यातल्या ओळी, अशी ती मांडणी घराण्याच्या वंशावळीसारखी फुटत जाते. तिला ॲक्सेसिबिलिटी ट्री म्हणतात. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने बटणावर सुंदर चित्र काढलं पण ट्रीमध्ये नाव भरलं नाही, तर स्क्रीन रीडर फक्त "बटण" म्हणतो आणि गप्प बसतो. कसलं बटण, ते दाबून बघायचं. पैसे भरायच्या पानावर असं दाबून बघणं कसं वाटत असेल, याची कल्पना करावी.

ही ट्री पहिल्यापासून नव्हती. विंडोजच्या आधीच्या डॉसच्या काळात तिची गरजही नव्हती. तेव्हाचा पडदा 25 ओळी आणि दर ओळीत 80 अक्षरं असा होता, आणि प्रत्येक अक्षराचा क्रमांक मेमरीत सरळ पडलेला असे. तो उचलायचा आणि बोलायचा. मोटारसायकल शर्यतीत उतरणारा टेड हेंटर 1978 मध्ये मोटार अपघातात दृष्टी गेल्यावर प्रोग्रॅमिंग शिकला, आणि त्याच्या कंपनीचा 'जॉज' हा स्क्रीन रीडर 1989 मध्ये डॉसवरच आला. मग विंडोज आली आणि अक्षरांचे ठिपके झाले. अक्षर एकदा चित्र म्हणून रंगवलं की ते कुठलं होतं, हे मेमरीत सापडत नाही. त्यामुळे स्क्रीन रीडर अक्षर रंगवण्याचा हुकूम वाटेतच अडवून वाचायचे आणि पडद्याची एक चोरटी नक्कल स्वतःकडे बाळगायचे. विंडोजची रंगवण्याची पद्धत बदलली की ही नक्कल बिघडायची. 1997 मध्ये मायक्रोसॉफ्टने 'ॲक्टिव्ह ॲक्सेसिबिलिटी' ही प्रश्नोत्तरांची अधिकृत सोय दिली, आणि व्हिस्टाबरोबर 'यूआय ऑटोमेशन' ही तिच्यापेक्षा सविस्तर सोय आली. आजच्या विंडोजमध्ये या दोन्ही सोयी एकत्र नांदतात. एखादा जुना प्रोग्रॅम नव्या साच्यात पुन्हा लिहिला गेला की तो पहिल्या पद्धतीऐवजी दुसऱ्या पद्धतीने उत्तरं देऊ लागतो. दिसायला तो तसाच असला तरी स्क्रीन रीडरला त्याच्याशी बोलायची रीत नव्याने शिकवावी लागते.

विंडोज 11 मध्ये हे बऱ्याच ठिकाणी झालं. साध्या नोटपॅडमधली लिहायची चौकटच बदलली. जुनं मेल ॲप गेलं आणि त्या जागी आलेलं नवं आउटलुक म्हणजे आतून वेबपेजच आहे. वेबपेजवर 'एनव्हीडीए' हा स्क्रीन रीडर दोन रीतींनी वागतो. वाचायच्या रीतीत एच दाबलं की पुढच्या मथळ्यावर उडी बसते; लिहायच्या रीतीत तेच एच मजकुरात उमटतं. इन्सर्ट आणि स्पेसबार एकत्र दाबून रीत बदलता येते. पण काल डेस्कटॉपचा प्रोग्रॅम वापरत असलेल्या माणसाला आज आपण वेबपेजमध्ये उभे आहोत, हे सांगणार कोण?

उलटंही घडलं, आणि ते मला फार आवडतं. विंडोज 11 च्या राइट क्लिकच्या मेन्यूत कट, कॉपी यांची नावं काढून नुसती चित्रं ठेवली गेली. डोळस लोक गोंधळले. स्क्रीन रीडरवाल्यांना मात्र "कट", "कॉपी" असं स्वच्छ ऐकू येत होतं, कारण ट्रीमध्ये नावं शाबूत होती. पुढे 24एच2 या आवृत्तीत मायक्रोसॉफ्टने चित्रांखाली नावं परत छापली.

पण हे सगळं मशीन बोलायला लागल्यानंतरचं. आधी ते मुकं का होतं?

याचं मूळ बऱ्याचदा दुकानात असतं. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप लागते, आणि इंटेलचं मशीन असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. जुन्या लॅपटॉपला जागच्या जागी अपग्रेड मिळत नाही, म्हणून दुकानदार ही अट चुकवून, फॉरमॅट मारून पेन ड्राइव्हवरून नवं विंडोज टाकतो. जागच्या जागी अपग्रेड झालं तर एनव्हीडीए आणि त्याच्या सेटिंग्ज टिकतात. फॉरमॅटमध्ये सगळं जातं. अंबाजोगाई, औंढा नागनाथ ही नावं नीट उच्चारावीत म्हणून वर्षानुवर्षं भरलेला उच्चारकोशसुद्धा. यावरचा उपाय सोपा आहे, पण तो आधी करावा लागतो. एनव्हीडीएच्या टूल्स मेन्यूतून पेन ड्राइव्हवर पोर्टेबल प्रत काढायची आणि काढताना आपल्या सेटिंग्ज सोबत घेण्याच्या चौकटीवर खूण करायची. एनव्हीडीए फुकट आहे. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करनने 2006 मध्ये ते लिहायला घेतलं आणि पुढे जेम्स तेह त्याला येऊन मिळाला, दोघेही अंध. त्यामुळे प्रती कितीही काढा, कोणी विचारत नाही.

दुसरं कारण साउंडचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजकडून आवाजाचा भाग चालवून घेणारा प्रोग्रॅम. तो बसला नसेल तर स्क्रीन रीडर बोलत असतो, पण आवाज बाहेर पडत नाही. अशा वेळी यूएसबीचा साधा हेडफोन कामाला येतो, कारण त्याला लागणारा ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीपासूनच असतो. हेडफोन लावून विंडोज, कंट्रोल आणि एंटर या तीन कळा एकत्र दाबल्या की मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा 'नॅरेटर' बोलू लागतो. नवीन विंडोज पहिल्यांदा सुरू होऊन देश आणि कीबोर्ड विचारतं, तिथंही तो चालतो. एनव्हीडीए वापरणारे त्याला नाकं मुरडतात. मुरडावीत, पण अडीनडीला वापरण्यापुरता तो शिकून घ्यावा.

पासवर्डच्या पडद्यावरच शांतता असेल तर कारण आणखी वेगळं. तो पडदा आणि "या प्रोग्रॅमला बदल करू द्यायचे का" असं विचारणारा पडदा, हे विंडोजने सुरक्षेसाठी वेगळे कोंडून ठेवलेले असतात. पोर्टेबल प्रत तिथं पोचत नाही. एनव्हीडीए रीतसर इन्स्टॉल करून 'साइन-इनच्या वेळी वापरा' ही सोय चालू करावी लागते.

अपडेट बसत असतानाच्या शांततेला मात्र इलाज नाही. टक्केवारी दाखवणाऱ्या त्या पडद्यावर कुठलाच स्क्रीन रीडर चालत नाही. मशीन तिसाव्या टक्क्यावर आहे की लटकलंय, हे कळायला मार्ग नसतो, आणि कंटाळून पॉवरचं बटण दाबलं की खरा घोळ होतो. मोबाइलवरच्या गूगल लुकआउटसारख्या ॲपचा कॅमेरा स्क्रीनसमोर धरला तर आकडा वाचून मिळतो. आपल्याकडचं लोडशेडिंग लक्षात घेता बॅटरी पूर्ण भरल्याशिवाय या फंदात पडूच नये.

मशीन बोलू लागलं तरी आवाज बदललेला असू शकतो, आणि ही तक्रार लाडाकोडाची नसते. सरावलेले अंध लोक थक्क करणाऱ्या वेगाने ऐकतात. जर्मनीतल्या ट्युबिंगेन विद्यापीठातल्या संशोधकांना असं आढळलं, की सराव नसलेल्या डोळसांची समज सेकंदाला 8 अक्षरांच्या (म्हणजे उच्चारातल्या तुकड्यांच्या, सिलेबलच्या) आसपास थांबते, तर काही अंध श्रोते 22 अक्षरांपर्यंत समजून घेतात. त्या वेळी त्यांच्या मेंदूतला एरवी दृष्टीचं काम करणारा भागही जागा होतो. एनव्हीडीएसोबत येणारा ई-स्पीक हा आवाज आपल्याला यंत्रासारखा कर्कश वाटतो. पण तो ध्वनी गणिताने घडवतो, त्यामुळे कळ दाबताच उमटतो आणि वेग वाढवला तरी फुटत नाही. ई-स्पीकला मराठीही येते. फॉरमॅटनंतर त्याच्या जागी विंडोजचा हिंदी आवाज आला तर मराठी मजकुरातला 2025 हा आकडा "दो हज़ार पच्चीस" असा ऐकू येतो.

सरकारी कागदांचं दुखणं याहून जुनं आहे. कृतिदेव, डीव्हीबी-टीटी योगेश अशा फॉन्टांत टाइप केलेल्या फायली आपल्या कार्यालयांत अजून ढिगाने पडून आहेत. कृतिदेवमध्ये 'मराठी' लिहिलं की फायलीत साठतात ती इंग्रजी अक्षरं: ई, जे, के, बी, एच. फॉन्ट त्यांच्यावर मराठी अक्षरांचं चित्र चढवतो. स्क्रीन रीडरला चित्राशी कर्तव्य नसतं, तो इंग्रजी अक्षरंच वाचतो. नव्या विंडोजमध्ये तो फॉन्ट टाकायचा राहिला की डोळस कारकुनालाही स्क्रीनवर तीच अक्षरं दिसू लागतात आणि "फाइल करप्ट झाली" असा ओरडा होतो. अंध सहकाऱ्यापुढे ती फाइल पहिल्या दिवसापासून तशीच असते. फॉन्ट टाकला की कारकुनाचं भागतं. दोघांचं भागवायचं तर मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षरांना स्वतःचे क्रमांक असलेल्या पद्धतीत, आणावा लागतो. त्यासाठी कन्व्हर्टर फुकट मिळतात. रूपांतरानंतर रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरं मात्र एकदा माणसाने तपासून घ्यावीत, गडबड बहुधा तिथंच होते.