सूर मारतो तो सुरय, मग कुरव कोणता?

नाशिकहून त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, चारोटी करत डहाणू गाठलं आणि खाडी दिसली, की आमच्या गाडीत एकच गलका होतो : "सीगल, सीगल!" पांढरं, पंखवालं, पाण्यावर उडणारं काहीही असो, ते सीगलच. यातले निम्मे खरे सीगल, म्हणजे कुरव. उरलेले सुरय, म्हणजे इंग्रजीतले टर्न.

पक्ष्यांची पुस्तकं चोचीपासून सुरुवात करतात. मला ते पटत नाही, कारण हलत्या पक्ष्याची चोच दिसते कुणाला? त्यापेक्षा मासेमारीची बोट परत येताना पाहा. जाळं झाडताना नको असलेली मासळी पाण्यात फेकली जाते आणि कुरवांचा थवा बोटीच्या मागे लागतो. आयतं खाणं त्यांना चालतं. फेरीबोटीवरून लोक शेव-कुरकुरे उधळतात, तेही हेच झेलतात (उधळू नये, पण ऐकतो कोण). पोट भरलं की कुरव लाटांवर कागदी होडीसारखे डुलत बसून राहतात.

सुरयाचं तसं नाही. तो चोच खाली रोखून पाण्यावर फिरतो, एका जागी पंख फडफडवत थांबतो, मग पंख आवळून दगडासारखा कोसळतो. टुप्! वर येतो तेव्हा चोचीत बोटाएवढी चंदेरी मासळी वळवळत असते. पाण्यावर तो सहसा बसत नाही. खाडीत रोवलेल्या बांबूवर किंवा वाळूच्या पट्ट्यावर टेकतो. सूर मारतो तो सुरय, असं मी पोरांना सांगतो. ही व्युत्पत्ती नव्हे, लक्षात ठेवायची युक्ती.

दुर्बीण असेल तर बाकीचंही जुळवा : सुरयाचे पंख अरुंद, शेपटी दुभंगलेली, चोच सरळ नि टोकदार. कुरव अंगाने भरलेला, शेपटी सपाट, चोच टोकाशी वाकलेली. एका जातीच्या सुरयाची चोच मात्र कुरवासारखी जाड असते. इंग्रजीत त्याचं नावच 'गल-बिल्ड टर्न'. तिथे जाणकारही अडखळतात.

आणि सुरय पाहायला नाशिककरांनी घाट उतरायलाच हवा असं नाही. गोदावरी-कादवा संगमावरच्या नांदूर मध्यमेश्वरला, 2020 साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ) म्हणून जाहीर झालेल्या जागी, पिवळ्या चोचीचा नदी सुरय दिसतो. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की नदी सुरय उघड्या पडलेल्या बेटांवर, वाळूतच अंडी घालतात. अचानक पाणी चढलं तर ती वाहून जातात.

कुरव मात्र आपल्याकडे हिवाळी पाहुणे. तपकिरी डोक्याचे कुरव लडाख-तिबेटकडच्या तळ्यांवर वीण करतात, एप्रिलपर्यंत बहुतेक निघून जातात. त्यामुळे मेच्या सुट्टीत डहाणूला "सीगल!" म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवाल, तो बहुधा सुरयच असेल.