पार्श्वभूमी : बेळगावच्या डीटीपीवाल्यांचे दोन कीबोर्ड

बेळगाव, खानापूर, निपाणीच्या डीटीपी दुकानांत, म्हणजे संगणकावर मजकूर टाइप करून पानं मांडून देणाऱ्या दुकानांत, एकाच ऑपरेटरला एकाच कागदावर दोन लिप्या बसवाव्या लागतात. लग्नपत्रिका असो, सोसायटीचा अहवाल असो की दुकानाची पाटी. पाटीवर साठ टक्के कन्नडची सक्ती २०२४ च्या दुरुस्तीने कायद्यातच आली आणि हे काम आणखी वाढलं. वर कन्नड, खाली मराठी, आणि दोन्हींसाठी बोटांचं वळण वेगळं. हे वळण वेगळं कसं झालं, याची हकिकत सीमाप्रश्नाच्या चर्चेत कधी येत नाही. ती संगणकाच्या इतिहासात आहे, आणि कर्नाटक सरकारने कन्नडसाठी वेगळी कीबोर्डरचना घेतली ते बरोबर की चूक, हा वादही तिथलाच.

खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरांच्या काळात प्रश्नच नव्हता. मराठीच्या खिळ्यांची पेटी, म्हणजे केस, वेगळी, कन्नडची वेगळी, आणि बहुधा माणूसही वेगळा. संगणक आला आणि दोन्ही केसी एकाच टेबलावर, एकाच माणसाच्या हाताखाली आल्या.

खरं तर तेव्हा उत्तर तयार होतं. १९८० च्या दशकात केंद्र सरकारच्या पुढाकाराने भारतीय लिप्यांसाठी इनस्क्रिप्ट नावाची कीबोर्डरचना ठरली आणि १९९१ मध्ये इस्की हे अक्षरांना क्रमांक देणारं प्रमाण जाहीर झालं. त्यामागचा विचार मला आजही फार सुंदर वाटतो. ब्राह्मीतून आलेल्या सगळ्या लिप्यांची वर्णमाला जवळपास एकच आहे, तेव्हा अक्षराचा क्रमांकही एकच ठेवायचा. ‘क’चा क्रमांक १७९, मग तो मराठी असो की कन्नड. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. के दाबलं की क, जे दाबलं की र, डी दाबलं की पाय मोडला. लिपी बदलली तरी बोटं तीच. पुण्यात तयार होणारं जिस्ट कार्ड डॉसच्या संगणकात बसवलं की हे सगळं पडद्यावर दिसायचं. दोन लिप्यांत जगणाऱ्या सीमाभागासाठी याहून सोयीचं काही असूच शकत नव्हतं.

पण दुकानांत हे रुजलं नाही. कार्ड महाग आणि टाइपरायटरवर शिकलेल्यांना इनस्क्रिप्ट परकं. मग विंडोज आणि पानं मांडायचं सॉफ्टवेअर पेजमेकर आले, त्यांना इस्की कळतच नव्हतं. पुण्याच्या कंपन्यांनी यातून वाट काढली : इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले फॉन्ट. अर्धा क, काना, वेलांटी, रफार, प्रत्येकाला एकेक घर. श्रीलिपीसारख्या पॅकेजांमध्ये टाइपरायटरची रचनाही मिळायची, त्यामुळे जुन्या टंकलेखकांची सोय झाली. प्रिंटरच्या पोर्टला लॉक लावायचं (हा ठोकळा नसेल तर पॅकेज चालायचं नाही), बटर पेपरवर प्रिंट काढायची आणि छपाईच्या प्लेटला पाठवायची. कागदावरची मराठी देखणी यायची. फाइलमध्ये मात्र मराठी नसायचीच. ज्या संगणकावर तो फॉन्ट नाही तिथे इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसायचा. प्रत्येक कंपनीची घरं वेगळी, काहींच्या तर आवृत्तीगणिक वेगळी.

आता वाद ज्यावरून आहे तो निर्णय. २००० च्या सुमारास कर्नाटक सरकारने कन्नडसाठी इनस्क्रिप्ट न घेता वेगळी रचना प्रमाण मानली. इंग्रजी कीबोर्डवर उच्चाराने जवळची अक्षरं बसवलेली ही रचना, आणि ती चालवणारं नुडी हे सॉफ्टवेअर फुकट. कार्यालयांत तेच आलं. त्याच सुमारास जमिनीचे उतारेही संगणकावर, कन्नडात आले. साहजिकच तालुक्याच्या गावी अर्ज टाइप करून देणाऱ्या प्रत्येकाला नुडी शिकणं भाग पडलं.

बेंगळुरूहून पाहिलं तर हा निर्णय चुकीचा दिसत नाही. रचना शिकायला सोपी आहे, वेगवान आहे, आणि लाखो लोक तिच्यावर कन्नड लिहू लागले, हे नाकारता येत नाही. फुकट दिल्यामुळे कन्नडचा फायदा झाला. मराठीसाठी त्या काळात तेवढं झालेलं मला दिसलं नाही. आपल्याकडे दुकानांत बहुधा पॅकेज विकत घ्या किंवा चोरून वापरा, असंच होतं.

पण सीमाभागात दोन लिप्यांना एकच बोटवळण मिळण्याची संधी होती, ती इथे गेली. नुडीत ‘क्त’ लिहायला के, एफ, टी. एफ हे जोडाक्षराचं बटण. इनस्क्रिप्टमध्ये तेच के, डी, एल. दिवसभर कन्नड अर्ज टाइप केलेल्या ऑपरेटरने संध्याकाळी मराठी पत्रिकेत सवयीने के, एफ, टी दाबलं, तर क ला ऱ्हस्व वेलांटी आणि खाली दीर्घ उकार एकदमच लटकतो. आणि हे इनस्क्रिप्टवाल्याचं झालं. मराठीला टाइपरायटरची रचना वापरणाऱ्याच्या डोक्यात तर दोन वेगळे नियमच चालू असतात : कन्नडला व्यंजन आधी, मराठीला ऱ्हस्व वेलांटी आधी. निर्णय घेताना दोन लिप्यांत काम करणाऱ्या जिल्ह्यांचा विचार व्हायला हवा होता, असं माझं ठाम मत आहे.

या वादात एक गफलत नेहमी होते. कीबोर्डची रचना आणि फॉन्टमधली घरं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रचना वेगळी असली तरी साठवण एका प्रमाणात करता येते. खरं नुकसान घरांनी केलं, आणि त्यात पुण्याचे फॉन्ट आणि बेंगळुरूचं नुडी दोन्ही सारखेच.

युनिकोड या जगातल्या लिप्यांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणात देवनागरी १९९१ पासूनच होती, मांडणी इस्कीवरूनच घेतलेली. देवनागरी क ०९१५, कन्नड क ०सी९५. नातं अजून दिसतं. मराठीला मंगल फॉन्ट विंडोज २००० मध्येच आला होता, २००१ च्या विंडोज एक्सपीत कन्नडला तुंगाही आला. मात्र कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन ती सोय चालू करावी लागे आणि मग संगणक एक्सपीची सीडी मागे. सुटे भाग जोडून घेतलेल्या मशीनबरोबर सीडी कुठून असणार? २००७ च्या व्हिस्टापासून हे आपोआप झालं, पण पेजमेकरला युनिकोड कळत नव्हतं, म्हणून दुकानं हललीच नाहीत. शिवाय मंगलमधला ल आणि श हिंदी वळणाचा. पत्रिकेवर तो कोणी चालवून घेत नाही.

फ्लेक्स आल्यावर गोष्टी आणखी बिघडल्या. शिवजयंतीच्या आणि गणेशोत्सवाच्या बॅनरवरची नावं कोरल या चित्रकामाच्या सॉफ्टवेअरमध्ये खेचून, कापून, त्यांना तलवारीचं टोक देऊन रंगवलेली असतात. ही खरीखुरी कला आहे आणि इथली पोरं त्यात तरबेज आहेत. छापायला देताना सगळं ‘कर्व्ह’ करून द्यायचं म्हणजे फॉन्ट नसला तरी अडत नाही. मग अक्षर फक्त चित्र उरतं. नंतर शुद्धलेखन सुधारायला जागा नाही. ‘शेतकऱ्यांचा’मधला ऱ्य इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून जे, मग डी आणि य दाबल्यावर सहज येतो, ज्यांना हे कोणी सांगितलं नाही त्यांच्या बॅनरवर ‘शेतकर्यांचा’ कायमचा बसतो.

मोबाइलने नवी पिढी थेट युनिकोडवर आणली. बेळगावी मराठीतले मीम, ‘काय करूलालास’, ‘खट्टे चाललास’ म्हणणारे, आज फोनवरच बनतात. कीबोर्ड सुचवतो ते पुण्याचं रूप. पोरं ते खोडून आपलं लिहितात. डीटीपीच्या दुकानाची पायरीही न चढता ही बोली लिखाणात आली, हे मला फार मोलाचं वाटतं.

मागे राहिल्या त्या १९९५ ते २०१५ मधल्या फाइली : मंडळांचे अहवाल, स्मरणिका, दिवाळी अंक, संमेलनांच्या पत्रिका. मराठी फॉन्टवरून युनिकोडमध्ये नेणारे कन्व्हर्टर आहेत आणि निव्वळ मराठी मजकूर त्यांतून बराच नीट निघतो. सीमाभागातल्या फाइलींत मात्र कन्नडही मिसळलेलं असतं, आणि दोन्ही भाषांचे तुकडे त्याच इंग्रजी घरांत. मजकूर एकदा साधा कॉपी केला की कुठला परिच्छेद कुठल्या फॉन्टचा होता याची खूणच राहत नाही, आणि कन्व्हर्टर कन्नड ओळींचीही निरर्थक देवनागरी करून टाकतो. म्हणून मूळ पेजमेकर फाइल, ती उघडणारा जुना संगणक आणि त्याचं लॉक, तिन्ही जपून ठेवायला हवीत.