उजेड एकच, प्रवाह दोन

बॅटरी नाही, व्होल्टेज नाही. गॅलियम आर्सेनाइड या अर्धवाहकाच्या काही नॅनोमीटर जाडीच्या क्वांटम वेलवर (इलेक्ट्रॉनांना कोंडून ठेवणारा पातळ थर) वर्तुळाकार ध्रुवीकृत, म्हणजे ज्याचं विद्युतक्षेत्र गोल फिरतं असा लेझर टाकला की तारेत प्रवाह येतो. ध्रुवीकरण उजव्याचं डावं केलं की प्रवाहही उलटा वाहतो. हा सर्क्युलर फोटोगॅल्व्हॅनिक प्रवाह की स्पिन-गॅल्व्हॅनिक? दिशा तर दोन्हींची उलटते, त्यामुळे घोळ हमखास होतो. नावंही अशी की जुळी भावंडं वाटावीत.

पहिल्याचं सगळं काम प्रकाश शोषला जातानाच उरकतं. वेलमध्ये स्पिन-कक्षा जोडणीमुळे, म्हणजे इलेक्ट्रॉनाचा स्पिन (अंगभूत, फिरकीसारखा गुण) त्याच्या गतीशी बांधला गेल्यामुळे (रश्बा आणि ड्रेसेलहाउस यांच्या नावांनी ती ओळखली जाते) उलटसुलट स्पिनच्या इलेक्ट्रॉनांचे संवेगानुसार ऊर्जा दाखवणारे आलेख आडवे सरकलेले असतात. फोटॉन आपल्याला चालेल त्याच स्पिनचे इलेक्ट्रॉन उचलतो, त्यामुळे एका दिशेला धावणारे जास्त निघतात. इव्हचेंको आणि पिकुस यांनी 1978 मध्ये हा परिणाम सिद्धांतातून वर्तवला होता. गंमत म्हणजे गॅलियम आर्सेनाइडच्या जाड स्फटिकात सममिती त्याला मज्जाव करते. वेल केली की वाट मोकळी होते.

दुसऱ्याला प्रकाशाशी तसं देणंघेणं नाही. वेलच्या प्रतलातल्या विशिष्ट दिशेचे स्पिन जास्त झाले की झालं, ते कुठून का येईनात. हे जास्तीचे स्पिन टकरींमध्ये उलटतात. पण आलेख सरकलेले असल्याने उलटण्याचा वेग इलेक्ट्रॉनाच्या संवेगावर अवलंबून राहतो, आणि त्या तफावतीतून प्रवाह निघतो. म्हणून लेझर बंद केल्यावर पहिला प्रवाह संवेग विस्कटताच संपतो, दुसरा मात्र स्पिन विरेपर्यंत रेंगाळतो.

तिरप्या प्रकाशात दोन्ही एकत्र मिसळून येतात. जर्मनीतल्या रेगेन्सबुर्गच्या गानिचेव्ह यांच्या गटाने 2002 मध्ये त्यांना सुटं केलं. स्फटिकाच्या (001) या प्रतलावर वाढवलेल्या वेलवर प्रकाश सरळ काटकोनात टाकला की सममितीमुळे पहिला प्रवाह शून्य. पण तयार झालेले स्पिन प्रतलाबाहेर उभे असतात, म्हणून दुसराही शून्य! मग त्यांनी प्रतलातच चुंबकीय क्षेत्र लावलं. स्पिन त्याभोवती फिरत प्रतलात झुकले आणि प्रवाह उमटला, निखळ स्पिन-गॅल्व्हॅनिक.

वर्णपटातही फरक दिसतो. वेलमधल्या दोन उपपट्ट्यांमधलं (इलेक्ट्रॉनांच्या ठरावीक ऊर्जा-पातळ्यांमधलं) संक्रमण घडवणाऱ्या अवरक्त लेझरची वारंवारता हळूहळू बदलत नेली, तर शोषण जिथे शिखरावर पोचतं, साधारण तिथेच पहिला प्रवाह शून्यातून जाऊन चिन्ह बदलतो. दुसरा त्याच जागी सर्वांत मोठा असतो.