बत्तीस बोरची किंमत आणि भरवसा: ग्वाल्हेरच्या परवानाधारकांच्या मतांमागची पार्श्वभूमी

ग्वाल्हेरला लष्कर भागात कुणाला बत्तीस बोरच्या, म्हणजे .३२ इंच जाडीच्या गोळीच्या, रिव्हॉल्व्हरचं लायसन्स मिळालं की त्याला दोन सल्ले हमखास ऐकायला मिळतात. पहिला असा की कानपूरच्या सरकारी कारखान्याचा, म्हणजे कानपुरी, माल घेऊ नका, थांबा, एखादं जुनं विलायती वेब्ली कंपनीचं रिव्हॉल्व्हर हाती लागेल. दुसरा याच्या उलट: जुन्याच्या नादी लागू नका, कानपुरी स्वस्त आहे आणि चालते. दोन्ही सल्ले देणारे अनुभवी असतात. पण या मतांत हत्याराचा दर्जा किती आणि कायद्यानं ठरवलेला बाजार किती, हे वेगळं काढल्याशिवाय त्यांचा उपयोग नाही. आपल्याकडे पिस्तुलाची किंमत भरवशावरून ठरत नाही, ते बाजारात किती दुर्मिळ आहे त्यावरून ठरते. हे असं का झालं ते समजायला थोडं मागे जावं लागतं.

१८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरला छावणी टाकली आणि तिचंच पुढे लष्कर शहर झालं. छावणीतून वाढलेल्या शहरात सरदार-मानकऱ्यांच्या घरी हत्यारं असणं आणि दसऱ्याला त्यांची पूजा होणं स्वाभाविक होतं. ब्रिटिश हिंदुस्थानातला १८७८ चा शस्त्र कायदा संस्थानात थेट लागू नव्हता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जगभरच्या बाजारात फिरणारी छोटी हत्यारं मुख्यतः तीन प्रकारची होती: बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉटची रिव्हॉल्व्हरं, कोल्ट आणि ब्राउनिंगची खिशात मावणारी पिस्तुलं, आणि स्पेनमधल्या एइबार गावची स्वस्त नक्कल.

या एइबारच्या मालाकडे जरा नीट बघायला हवं, कारण ‘स्वस्त पिस्तूल दगा देतं’ या समजुतीचं एक मूळ तिथं आहे. पहिल्या महायुद्धात फ्रेंच सैन्याला पिस्तुलं कमी पडली तेव्हा एइबारच्या गाबिलोंदो कंपनीचं ‘रुबी’ हे .३२ चं पिस्तूल मोठ्या संख्येनं मागवलं गेलं. मागणी एवढी वाढली की गावातल्या डझनावारी कारखान्यांनी तेच पिस्तूल बनवायला घेतलं. आराखडा एक, पण मापं प्रत्येकाची थोडी निराळी. एका कारखान्याचं मॅगझिन दुसऱ्याच्या पिस्तुलात नीट बसेना. पोलाद कुठं कडक, कुठं मऊ. सेफ्टीची कळ झिजली की तिच्यावर विसंबता येईना. दोष आराखड्यात नव्हता. मापावर आणि पोलाद कडक करण्याच्या प्रक्रियेवर नियंत्रण नव्हतं, म्हणून हे झालं. पुढे अमेरिकेत १९७० नंतर लॉस एंजेलिसच्या आसपास जस्ताच्या मिश्रधातूची स्वस्त पिस्तुलं निघाली. त्यांचाही इतिहास तोच सांगतो: पैसे कुठं वाचवले यावर भरवसा अवलंबून असतो.

स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र कायदा आला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. सैन्य आणि पोलीस वापरतात ती काडतुसं ‘प्रतिबंधित बोर’ ठरली, त्यामुळे ९ एमएम, .३८ आणि .४५५ सामान्य माणसाच्या हातून गेली. उरली मुख्यतः .३२, .२२ आणि .२५. म्हणून आज ग्वाल्हेरला छोट्या हत्याराची चर्चा म्हणजे बत्तीस बोरचीच चर्चा असते. लोकांनी तुलना करून .३२ निवडली असं नाही, कायद्यानं एवढंच बाकी ठेवलं. १९८० च्या दशकाच्या मध्यावर नागरिकांसाठीची आयातही बंद झाली. परदेशात राहून परतणारे आणि नामांकित नेमबाज अशा मोजक्या अपवादांतूनच बाहेरचं हत्यार येऊ शकलं. तेव्हापासून देशात असलेल्या विलायती हत्यारांची संख्या जवळजवळ ठरूनच गेली आणि मागणी मात्र वाढत राहिली. जी वेब्ली इंग्लंडमध्ये साधं, मजबूत, मध्यम किमतीचं रिव्हॉल्व्हर म्हणून विकली जायची, तिला इथे काही लाखांचा भाव आला. तो भाव दर्जाचा पुरावा म्हणून सांगितला जातो, तिथं गोंधळ सुरू होतो.

मागणी वाढायला चंबळच्या दरोडेखोरांचं कारण होतं. १९७२ मध्ये जयप्रकाश नारायणांपुढे जौऱ्याला झालेलं आत्मसमर्पण, १९८२ मध्ये मलखानसिंह, फेब्रुवारी १९८३ मध्ये भिंडला फूलनदेवी, या सगळ्या घटना ग्वाल्हेरपासून काही तासांच्या अंतरावरच्या. खेड्यात खांद्याला बारा बोरची बंदूक किंवा तीनशे पंधराची रायफल, शहरात कमरेला बत्तीस बोर, अशी वाटणी पडली. पुढे हत्यार संरक्षणाइतकंच प्रतिष्ठेचंही झालं. अर्जांची गर्दी एवढी की २०१९ साली ग्वाल्हेरच्या जिल्हा प्रशासनानं अर्जदारानं दहा झाडं लावावीत अशी अट घातली होती. प्रतिष्ठेसाठी घेतलेलं हत्यार क्वचितच चालवलं जातं, आणि न चालवलेल्या हत्याराबद्दलचं मत किती धरायचं हा प्रश्न पुढे येतोच.

कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीचं .३२ रिव्हॉल्व्हर याच पोकळीत आलं. त्याचा सांगाडा वेब्ली मार्क ४ चा: काडतुसं बसायची सहा घरं असलेली चक्री, वरून उघडून पुढे मोडणारी नळी, उघडताच रिकामी काडतुसं एकदम वर उचलणारा ताऱ्याच्या आकाराचा भाग, म्हणजे तारा. काडतूस .३२ एस अँड डब्ल्यू लाँग, म्हणजे १८९६ चा नमुना. शिशाची सुमारे ६.३ ग्रॅमची गोळी सेकंदाला २१५ मीटरच्या आसपास निघते आणि ऊर्जा दीडशे ज्यूलच्या जवळ जाते. ९ एमएमची ऊर्जा याच्या तिप्पट. एवढ्या कमी दाबाच्या काडतुसासाठी वेब्लीचा सांगाडा भरपूर मजबूत आहे. त्यामुळे कानपुरी रिव्हॉल्व्हर फुटेल ही भीती अनाठायी. तक्रारी असतात त्या फिनिशिंगच्या.

सगळ्यात जास्त ऐकू येते ती चाप जड असल्याची. आतले भाग खडबडीत राहिले की दुहेरी ओढीत (चाप ओढूनच घोडा उठतो आणि पडतो तेव्हा) चाप अडखळतो आणि नेम खाली जातो. दुसरी तक्रार, घरं आतून गुळगुळीत नसली की झाडलेली काडतुसं चिकटतात. अशा वेळी झटका देऊन उघडलं तर ताऱ्याखाली एखाद्या काडतुसाची कड घसरते आणि चक्री बंदच होत नाही. उपाय साधा: नळी आकाशाकडे करून एका सलग हालचालीत पूर्ण उघडायचं, अर्धवट नाही. तिसरी तक्रार टायमिंगची. रिव्हॉल्व्हर रिकामं आहे याची दोनदा खात्री करून घोडा हळू मागे ओढावा. घोडा अडकायच्या आत चक्री जागेवर टक्क बसली पाहिजे. नंतर बसत असेल तर घर आणि नळी सरळ रेषेत येत नाहीत, गोळीचं शिसं कापलं जातं आणि बाजूनं बारीक कण उडतात. चक्री आणि नळी यांतली फट फीलर गेजनं मोजावी. ०.१५ ते ०.२५ मिलिमीटर ठीक, त्याहून बरीच मोठी असेल तर गनस्मिथला दाखवावं. वरचा खटका झिजला की नळी बंद असतानाही हलते, आणि हे कानपुरीपेक्षा जुन्या वेब्लीत जास्त सापडतं. काही लाख मोजण्याआधी नळी धरून हलवून पाहणारे फार कमी.

.३२ चं पिस्तूल, इशापूरच्या रायफल फॅक्टरीची ‘अशनी’, वेगळं काडतूस खाते: १८९९ चं ब्राउनिंगचं ७.६५ एमएम. दोन्हींना ‘बत्तीस’ म्हणतात म्हणून एकाचं काडतूस दुसऱ्यात घालायचा मोह होतो. पिस्तुलाचं आखूड काडतूस रिव्हॉल्व्हरच्या घरात शिरतंही. पण दोन्हींची मापं आणि दाब वेगळे, तेव्हा तसं करू नये. पिस्तुलाच्या काडतुसाला बुडाशी अर्धी, म्हणजे जराशीच बाहेर आलेली, कड असते आणि पिस्तुलाबद्दलच्या बऱ्याच तक्रारींचं मूळ तिच्यात आहे. मॅगझिनमध्ये वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे गेली की दोन्ही एकमेकांत अडकतात, आणि मग स्लाइड कितीही ओढली तरी वरचं पुढे सरकत नाही. म्हणून भरताना प्रत्येक काडतूस मागे नीट टेकवून, कड खालच्याच्या पुढे आहे हे डोळ्यांनी बघून बसवावं. मॅगझिनचे ओठ वाकले किंवा स्प्रिंग थकली तरी लक्षणं हीच दिसतात, त्यामुळे पिस्तुलाला नावं ठेवण्याआधी दुसरं मॅगझिन लावून बघावं.

काडतुसं बहुतेक सरकारी कारखान्यांची. ‘के एफ’ शिक्क्याची पुण्याजवळच्या खडकीची. मिसफायर झालं की दोष हत्याराला लावला जातो, पण ग्वाल्हेरच्या हवामानाचा विचार कुणी करत नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो. पत्र्याखालच्या माळ्यावर किंवा बंद गाडीत ठेवलेली काडतुसं वर्षानुवर्षं तापतात, आणि पावसाळ्यात ओल धरतात. त्यात कुणी हत्याराबरोबर काडतुसांनाही तेल लावतं, आणि ते कॅपच्या (घोडा आपटल्यावर ठिणगी देणाऱ्या बुडाच्या टोपीच्या) कडेनं आत झिरपतं. चाप ओढूनही आवाज आला नाही तर नळी सुरक्षित दिशेला ठेवून तीस सेकंद थांबावं, मग उघडावं. आवाज नेहमीपेक्षा बारीक आला तर दुसरी गोळी मुळीच झाडू नये: पहिली नळीत अडकलेली असू शकते. आधी रिकामं करून नळीतून आरपार उजेड दिसतो का ते पाहावं.

आता मतांच्या वजनाकडे. परवान्यावर काडतुसांची मर्यादा असते, काडतुसं महाग आहेत, आणि सामान्य परवानाधारकाला रेंज सहज मिळत नाही. अनेकांनी घेतल्यापासून एक-दोन डझन राउंडही झाडलेले नसतात. ‘आमचं कधी अडकलं नाही’ हे त्यांचं म्हणणं खरं असतं, पण त्यातून फारसं कळत नाही. हिशेब सोपा आहे. सलग पन्नास राउंड बिनतक्रार गेले तरी खरं बिघडण्याचं प्रमाण शंभरात सहापर्यंत असू शकतं, आणि वीसच गेले असतील तर पंधरापर्यंत. अमेरिकेत स्वस्त पिस्तुलाबद्दल मत देणारे बरेचदा दोनशे-पाचशे राउंड झाडून बोलतात. इथलं मत त्या वजनाचं धरता येत नाही, मग ते कानपुरीबद्दल असो की विलायतीबद्दल.

ठेवण्यातल्या चुका मात्र इथल्या मालकांच्या मतांत दोष म्हणून नोंदल्या जातात, आणि हे खटकतं. लूच्या, म्हणजे उन्हाळी गरम वाऱ्याच्या, दिवसांतली बारीक धूळ शिलाई मशीनच्या तेलात मिसळली की घोड्याच्या खाचेत राखाडी लगदा साचतो. मग घोडा पूर्ण ताकदीनं आपटत नाही आणि कॅपवर ठसा उथळ पडतो. तेल एका थेंबाइतकंच लावून कोरड्या कापडानं पुसून घ्यावं. चामड्याच्या होल्स्टरमध्ये महिनोन्महिने ठेवलं की चामडं ओल धरतं आणि काळ्या फिनिशवर टिपक्यांचा गंज येतो. निवडणुकीत हत्यार जमा करावं लागतं, तो काळही त्यातलाच. १७ नोव्हेंबर २०२३ ला विधानसभेचं आणि ७ मे २०२४ ला लोकसभेचं मतदान झालं, म्हणजे सहा महिन्यांत दोनदा आचारसंहिता. जमा करताना पातळ तेलाचा हात, सुती कापड, पावतीवर हत्याराचा नंबर स्वतः वाचून घेणं, आणि परत मिळाल्यावर त्याच दिवशी नळी बघणं, एवढं केलं तरी बरंच वाचतं.

गेल्या दहा-बारा वर्षांत पर्याय वाढले. जानेवारी २०१४ मध्ये कानपूरहून ‘निर्भीक’ आलं: टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, पाचशे ग्रॅमचं, किंमत १,२२,३६०. त्याच्या हलकेपणाचं कौतुक झालं, पण सुमारे सातशे ग्रॅमच्या जुन्या नमुन्यापेक्षा ते जास्त भरवशाचं आहे असं वजनावरून सिद्ध होत नाही. मग .२२ चं ‘निडर’ आलं. १ ऑक्टोबर २०२१ ला सरकारी शस्त्रकारखाने चालवणारं आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या, आणि कानपूरच्या कंपनीनं ऑगस्ट २०२३ मध्ये ‘प्रबल’ काढलं. त्याची चक्री बाजूला उघडते. वरून मोडणाऱ्या नळीचा सांधाच नसल्यानं खटका झिजण्याची अडचण मुळातूनच गेली, आणि हा बदल किमतीपेक्षा जास्त महत्त्वाचा आहे. उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यातल्या संडील्याला वेब्लीच्या नावानं .३२ रिव्हॉल्व्हर बनू लागलं, त्यामुळे ‘वेब्ली’ म्हणजे जुनीच हे समीकरणही उरलं नाही. ग्वाल्हेरजवळ मालनपूरला २०१७ पासून शस्त्रांचा खाजगी कारखाना आहे, पण तो सैन्यासाठी. त्याचा बत्तीस बोरशी संबंध नाही, तरी लोक जोडतात.

किमतीचं गणित बदलवणारा शेवटचा मोठा बदल कायद्याचाच. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीनं एका माणसाकडे तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात, वारशानं आलेलं धरूनसुद्धा. परवाना तीनऐवजी पाच वर्षांचा झाला, आणि लग्नात हवेत गोळी झाडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. २०१६ च्या नियमांनुसार परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा हत्यार पंचवीस वर्षं त्याच्याकडे असलं, तर हयातीतच वारसाच्या नावानं परवान्याचा अर्ज करता येतो. लष्कर भागातल्या अनेक घरांना याचा उपयोग आहे. परस्पर विकायचं तर जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवून पंचेचाळीस दिवस थांबावं लागतं. या काळात घेणाऱ्यानं मालकाला विचारायचं ते इतकंच: कोणत्या सालची बनावट, किती राउंड झाडले, कोणत्या शिक्क्याची काडतुसं होती, किती अडकली आणि अडकल्यावर काय बदललं. पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर आलं नाही तर हत्यार चांगलं असेलही, पण त्याच्या भरवशाची किंमत मोजू नये, फक्त लोखंडाची मोजावी.