परदेशातल्या शाळेशी जोडून घ्यायचंय? युनेस्कोच्या अ‍ॅस्पनेटचा अर्ज आणि आपल्याकडचे कागद

"सर, परदेशी शाळेशी टायअप करायचंय, एजंट कोण बघू?" असं मला वर्षातून दोनतीन मुख्याध्यापक तरी विचारतात. एजंट बिजंट काही लागत नाही. युनेस्कोचं शाळांचं नेटवर्क आहे, नाव असोसिएटेड स्कूल्स नेटवर्क, पण सगळे अ‍ॅस्पनेटच म्हणतात, १९५३ मध्ये १५ देशांतल्या ३३ शाळांपासून सुरू झालं आणि आज १८० च्या वर देशांत १२ हजारांपेक्षा जास्त शाळा त्यात आहेत. सभासद व्हायची फी नाही. मात्र युनेस्को पैसेही देत नाही, त्यामुळे निधीच्या आशेने अर्ज करणार असाल तर राहू द्या.

कोण करू शकतं? बालवाडी, प्राथमिक, माध्यमिक, व्यवसाय शिक्षणाच्या संस्था, डीएड कॉलेजं. सरकारी असो की खासगी, झेडपीची शाळाही चालते. विद्यापीठं यात येत नाहीत.

अर्ज थेट पॅरिसला पाठवायचा नसतो, इथेच बरेच जण चुकतात. प्रत्येक देशाचा एक समन्वयक असतो, आपल्याकडे हे काम दिल्लीत शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतल्या भारतीय राष्ट्रीय युनेस्को आयोगाकडे आहे. आधी त्यांना शाळेच्या लेटरहेडवर इच्छा कळवायची, मग ऑनलाइन फॉर्म, आयोगाची शिफारस, आणि शेवटचा निर्णय युनेस्कोचा. फॉर्ममध्ये शाळेची माहिती, विद्यार्थी-शिक्षकांची संख्या, का यायचंय आणि काय करणार हे लिहायचं असतं, वर मुख्याध्यापकांच्या सहीचं हमीपत्र. माझा सल्ला असा की ११ आकडी यू-डायस नंबर (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक), मान्यतेच्या पत्राची कॉपी आणि व्यवस्थापन समितीचा किंवा संस्थेचा ठराव आधीच एका फाइलला लावून ठेवा, कारण मुख्याध्यापकांची बदली झाली की नवीन येणारे पहिला प्रश्न "हे कोणी ठरवलं?" हाच विचारतात.

त्या हमीपत्राला हलकं घेऊ नका. वर्षाला युनेस्कोचा किंवा देशाच्या समन्वयकाचा किमान एक उपक्रम करायचा, संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेले किमान दोन आंतरराष्ट्रीय दिवस सगळ्या शाळेने मिळून साजरे करायचे, सुरुवातीला आराखडा आणि शेवटी अहवाल द्यायचा. विषय तीन: जागतिक नागरिकत्व आणि शांतता, शाश्वत विकास, संस्कृती आणि वारसा. "आम्ही सर्व उपक्रम राबवू" असलं लिहू नका. गावातली बारव, वारीची वाट, जात्यावरच्या ओव्या, असं एक काहीतरी धरा आणि कुठल्या इयत्तेने कुठल्या महिन्यात काय करायचं ते लिहा. पार्टनर शोधायलाही हेच उपयोगी पडतं. समोरच्या शिक्षकाला "लेट्स कोलॅबरेट" पाठवलं तर तो काय उत्तर देणार, पण "आमची सातवी विहिरीच्या पाण्याची पातळी मोजते, तुमची मुलं नदीची मोजतील का" म्हटलं की बोलणं सुरू होतं.

पुढची अडचण कॅलेंडरची. आपलं वर्ष जूनला सुरू होतं, जपानचं एप्रिलला, ब्रिटनचं सप्टेंबरला, ऑस्ट्रेलियाचं जानेवारीच्या शेवटी. ब्रिटनबरोबर करायचं तर दिवाळीची सुट्टी संपल्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत आणि मग जानेवारी-फेब्रुवारी, एवढाच काय तो निवांत वेळ मिळतो. आणि घड्याळ! तिकडे ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास मागे जातं. आम्ही त्यांच्या साडेदहाच्या हिशोबाने दुपारी तीनला पोरांना आवरून सावरून बसवलं, ते आले आपल्या चारला, तोवर रिक्षावाले काका गेटवर हॉर्न वाजवत होते. तेव्हापासून वेळ दोन्हीकडची लिहितो.

मुलांचे फोटो, व्हिडिओ, नावं बाहेर जाणार तर पालकांची लेखी संमती घ्याच. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण मूल आहे आणि पालकांची संमती लागते. प्रवेशाच्या वेळी घेतलेल्या एका मोघम सहीवर भागवू नका, कुठल्या देशातली शाळा आणि कशासाठी ते त्या फॉर्मवर मराठीत लिहा.

आता पैसे. पार्टनर शाळा प्रेमाने म्हणते, आम्ही तुमच्या लायब्ररीसाठी थोडी रक्कम पाठवतो, किंवा जुने लॅपटॉप पाठवतो. लगेच हो म्हणू नका. २०१० च्या परकीय देणगी नियमन कायद्याखाली, म्हणजे एफसीआरएखाली, संस्थेची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर हे घेता येत नाही, आणि वस्तूसुद्धा त्यात येतात. नोंदणी असली तरी रक्कम आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते. कुठल्या तरी शिक्षकाच्या सेव्हिंग खात्यावर मागवणं तर अजिबात नको.

आणि तिकडचे शिक्षक किंवा मुलं भेटायला आली तर त्यांना घरी उतरवायची आपल्याकडे फार हौस, पुरणपोळी बिरणपोळी सगळं होतं, पण परदेशी पाहुणा उतरला की २४ तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन भरावी लागते. लोक अजून त्याला सी फॉर्मच म्हणतात. हॉटेलवाले स्वतः भरतात, घरी उतरवलं तर ते काम यजमान पालकांचं. म्हणून पाहुणे यायच्या आठवडाभर आधी त्या पालकांना शाळेत बोलवा आणि कॉम्प्युटर लॅबमध्ये बसवून त्यांचं लॉगिन तयार करून घ्या.