पांढऱ्या पाठीचा वाघ भुंगेरा

अमेरिकेतल्या युटा राज्यात 'कोरल पिंक सँड ड्यून्स' नावाचा वाळूच्या टेकड्यांचा पट्टा आहे. वाळूतल्या लोहामुळे तिला पोवळ्यासारखी गुलाबी-नारिंगी झाक आलेली. सिसिन्डेला अल्बिसिमा हा टायगर बीटल, म्हणजे वाघ भुंगेरा, साऱ्या जगात फक्त इथेच सापडतो.

वाघ भुंगेऱ्याची जात ओळखताना आधी पाठ बघतात, कारण बहुतेकांच्या गडद पंखकवचांवर फिकट ठिपके किंवा नक्षी असते. इथे ती नक्षीच पसरत जाऊन पाठभर झाली आहे. दोन पांढरी पंखकवचं, मधोमध बारीक तांबूस रेघ, अंगावर आणि पायांवर पांढरी लव, छातीला धातूची चकाकी आणि टपोरे डोळे.

पण नुसत्या रंगावर भिस्त ठेवता येत नाही. वाळूत राहणाऱ्या इतरही काही भुंगेऱ्यांची पाठ अशीच फिकट असते. १९६१मध्ये याचं वर्णन झालं तेव्हा तो शेकडो किलोमीटर दूरच्या सिसिन्डेला लिम्बाटाची उपजात मानला गेला. पुढे डीएनए तपासल्यावर ही स्वतंत्र जात ठरली. म्हणून मला याचं ठिकाण ही पाठीइतकीच पक्की खूण वाटते.

हा भुंगेरा या जागेला इतका का बांधलेला, ते अळी पाहिली की उमगतं. ती वाळूत सरळ खाली जाणारं, अगदी वाटोळ्या तोंडाचं बीळ करते आणि आपलं चपटं डोकं त्या तोंडावर बुचासारखं बसवून बसते. जवळून मुंगी गेली, की झटक्यात अर्धं अंग बाहेर, जबड्यात पकड, परत आत. धडपडणाऱ्या भक्ष्यानं तिलाच ओढून काढू नये म्हणून पाठीवरच्या कुबडाचे आकडे बिळाच्या भिंतीत रुतलेले असतात. असं साधारण दोन वर्षं. तेवढा काळ तिथली वाळू ओलसर राहायला हवी आणि मुंग्या-माश्याही फिरकायला हव्यात. उंच, सरकत्या टेकड्यांवर हे जमत नाही. टेकड्यांमधल्या सखल, थोडी हिरवळ धरणाऱ्या खळग्यांत जमतं.

वाळूवर गाड्या पळवण्याच्या हौसेपायी याच खळग्यांची नासधूस होते. चाकाखाली भुंगेरे चिरडतात, झाडोरा तुटतो आणि वरची वाळू उलटीपालटी होऊन आतला ओलावा उडून जातो. १९९७च्या संवर्धन करारानं काही भागात वाहनं बंद झाली. २०१२मध्ये या भुंगेऱ्याला 'संकटग्रस्त' म्हणून कायद्याचं संरक्षण देण्याचा प्रस्ताव आला. पुढच्याच वर्षी करारातलं बंद क्षेत्र वाढवलं गेलं आणि तो प्रस्ताव मागे घेण्यात आला.