रीगल, इरॉस, लिबर्टी : आवाज, काँक्रीट आणि खारी हवा

14 मार्च 1931 रोजी गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' लागला आणि थिएटर बांधणाऱ्यांपुढचं गणितच बदललं. संगीत नाटकाच्या काळात भिंतींनी आवाज परत द्यायचा असे. माईक नाही, ध्वनिक्षेपक नाही. गायकाचं पद शेवटच्या रांगेत पोचवायला छत, लाकूड आणि बॉक्सेसच्या कडा मदतीला येत. बोलपटाला नेमकं उलटं हवं होतं. फितीवरच्या आवाजात स्टुडिओतला घुमारा आधीच उतरलेला असतो. त्यात थिएटरने स्वतःचा घुमारा मिसळला की संवादांचा गोंगाट होतो. आपण सेकंदाला साधारण चार-पाच अक्षरं बोलतो. खोलीत आवाज तीन सेकंद रेंगाळत असेल तर आधीच्या डझनभर अक्षरांचे अवशेष नव्या अक्षरावर बसतात.

रीगल (1933), मेट्रो आणि इरॉस (दोन्ही 1938), लिबर्टी (1949) ही मुंबईची आर्ट डेको (भौमितिक आकारांची त्या काळातली वास्तुशैली) थिएटरं या गरजेतून उभी राहिली. त्यांच्याकडे आपण बहुतेक वेळा सजावट म्हणून बघतो. रीगलच्या आत कार्ल शारा या चेक कलावंताने काढलेली सूर्यकिरणांची नक्षी, इरॉसचा पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणारा मनोरा, मेट्रोत जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी रंगवलेली भित्तिचित्रं हे सगळं सुंदर आहेच. पण या इमारतींची खरी हुशारी डोळ्यांना चटकन दिसत नाही.

घुमाऱ्याचं सूत्र अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सबाईन यांनी 1890 च्या दशकात शोधलं. हार्वर्डच्या एका व्याख्यानगृहात शब्द कळत नसत. शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणून त्यांनी आवाज किती लवकर मरतो ते मोजलं. सूत्र असं : घुमारा (आवाज विरायला लागणारा वेळ, सेकंदांत) = 0.161 × घनफळ ÷ एकूण शोषण. घनफळ घनमीटरमध्ये, शोषण चौरस मीटरमध्ये. आवाज परत न येणारी एक चौरस मीटरची उघडी खिडकी म्हणजे शोषणाचं एक एकक.

आता 1,200 आसनांचं थिएटर घेऊ. इरॉस मुळात 1,204 आसनांचं होतं, म्हणजे जवळपास तेवढंच. दर आसनामागे 4 घनमीटर हवा धरली तर घनफळ 4,800 घनमीटर. बोलपटासाठी घुमारा 1.1 सेकंदाच्या आसपास हवा, म्हणजे शोषण सुमारे 700 चौरस मीटर लागेल. गादीच्या खुर्चीत बसलेला माणूस साधारण 0.45 चौरस मीटर शोषतो. 1,200 जणांचे 540 झाले. उरलेले 160 भिंती, गालिचा आणि छत यांच्याकडून काढायचे. मॅटिनीला थिएटर ओस पडलं तरी रिकामी गादीची खुर्ची 0.3 शोषते, त्यामुळे घुमारा दीड सेकंदापर्यंतच चढतो. त्याच जागी उघड्या लाकडी खुर्च्या असतील तर प्रत्येकी जेमतेम 0.03, आणि घुमारा चार सेकंदांवर जातो! गुबगुबीत खुर्ची ही श्रीमंतीची खूण समजली जाते, पण तिचं मोठं काम न आलेल्या प्रेक्षकाची जागा भरून काढण्याचं आहे.

फक्त पडदे आणि गाद्या लावून मात्र भागत नाही. 1,000 हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी 34 सेंटीमीटर, 100 हर्ट्झची 3.4 मीटर. पातळ कापड वरचे सूर खातं आणि खालचे तसेच सोडतं. मग आवाज पिंपात बोलल्यासारखा येतो. खालच्या सुरांसाठी मागे हवेची पोकळी ठेवून बसवलेल्या लाकडी फळ्या लागतात. फळी थरथरते, तिच्या घर्षणात त्या ध्वनीची ऊर्जा उष्णता होऊन जाते. लिबर्टीच्या प्रेक्षागृहातली सागवान आणि सीडर लाकडाची कामं बघताना हे लक्षात ठेवावं. तिथली अंतर्गत सजावट वामन नामजोशींची. मराठा मंदिर आणि जयपूरचं राज मंदिर हीदेखील त्यांचीच. भिंतींचा आकारही मोलाचा : बाहेर फुगलेली वक्र भिंत किंवा प्लास्टरच्या पायऱ्या आवाज विखुरतात, तर आत खोलगट घुमट तो एका जागी गोळा करून दोन-चार खुर्च्यांची वाट लावतो.

दुरुस्तीत एक चूक हमखास होते. सच्छिद्र ध्वनिशोषक प्लास्टर किंवा टाइल मळली की तिच्यावर ऑइल पेंट मारला जातो. छिद्रं बुजतात, शोषण जातं, आणि मग दोष ध्वनियंत्रणेला दिला जातो.

खांबाशिवाय तरंगणारी बाल्कनी ही सळईच्या काँक्रीटची देणगी. एका टोकाला धरलेली स्लॅब वजनाने खाली वाकते, तेव्हा ताण तिच्या वरच्या पृष्ठभागावर येतो. म्हणून मुख्य सळया वर हव्यात. स्लॅब 3 मीटरऐवजी 4.5 मीटर पुढे काढली तर मुळाशी येणारं वाकवणारं बळ दीडपट नाही, सव्वादोन पट होतं, कारण ते लांबीच्या वर्गाने वाढतं. काँक्रीट ओतताना मजूर जाळीवरून चालले आणि वरच्या सळया खाली दबल्या की घात होतो. स्लॅबच्या तळापासून 10 सेंटीमीटर उंचीवर हवी असलेली सळई अडीच सेंटीमीटर खाली गेली तर सुमारे पाव ताकद गेली. म्हणून जाळीखाली सळईच्या घोड्या ठेवतात आणि चालायला वेगळ्या फळ्या टाकतात.

वातानुकूलनाचा हिशेब मुंबईत वेगळाच पडतो. बसलेला माणूस सुमारे 115 वॅट उष्णता सोडतो. 1,200 जणांची 138 किलोवॅट, म्हणजे जवळपास 39 टन. (इथे एक टन म्हणजे दिवसभरात एक अमेरिकन टन, सुमारे 907 किलो, बर्फ वितळवणारी उष्णता.) शिवाय घाम आणि श्वास मिळून प्रत्येकाकडून ताशी 60 ग्रॅमच्या वर वाफ, म्हणजे सगळ्यांचं मिळून 70 लिटरहून जास्त पाणी. पण पावसाळ्यात बाहेरून घ्यावी लागणारी ताजी दमट हवा कोरडी करण्याचा बोजा याहूनही मोठा असतो. 1933 मध्ये रीगल वातानुकूलित करणं हे धाडसाचंच काम होतं.

आता या इमारतींचं दुखणं. ताज्या काँक्रीटचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप, 7 च्या वर अल्कली) 12.5 च्या वर असतो आणि त्या अल्कलीत सळईवर ऑक्साइडचं संरक्षक कवच टिकतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरला की पीएच 9 च्या खाली येतो आणि कवच जातं. ही आत शिरण्याची खोली काळाच्या वर्गमुळाने वाढते : पहिल्या 10 वर्षांत 10 मिलिमीटर, तर 20 मिलिमीटरला 40 वर्षं. म्हणजे सळईवर काँक्रीटचं कव्हर दुप्पट दिलं तर आयुष्य चौपट. समुद्राच्या वाऱ्यातल्या मिठाचं क्लोराइड मात्र एवढी वाट बघत नाही. ते अल्कली शाबूत असतानाही कवच भेदतं. गंज लोखंडापेक्षा दोन ते सहा पट जागा घेतो, आणि काँक्रीट आतून फुटून पोपडे पडतात. सगळ्यात आधी मरतात ते पातळ छज्जे, आर्ट डेको इमारतींच्या खिडक्यांवर भुवयांसारखे ओढलेले.

दुरुस्तीआधी ताज्या फोडलेल्या भागावर फिनॉल्फ्थॅलिन हे अल्कलीत रंग बदलणारं रसायन फवारावं : गुलाबी झालं तर अल्कली शिल्लक आहे, रंग आला नाही तर गेली. क्लोराइडसाठी भुकटी काढून प्रयोगशाळेत वेगळी तपासावी लागते. मग सैल काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत काढणं, सळई चकचकीत होईस्तोवर घासणं, फार झिजलेल्या ठिकाणी नवी सळई जोडणं, संरक्षक लेप देऊन पॉलिमर मिसळलेलं मॉर्टर भरणं. सळईची मागची बाजू तशीच सोडली तर काम वाया गेलं असं समजावं. नुसतं ठिगळ लावण्यात आणखी एक धोका आहे. ठिगळातली सळई सुरक्षित होते, पण तिच्या शेजारचा क्लोराइडने भिजलेला भाग विद्युतरासायनिक घटाचं गंजणारं टोक बनतो, आणि दोन-चार पावसाळ्यांत ठिगळाच्या कडेने नवी भेग धरते. म्हणून क्लोराइड कुठवर पोचलं आहे त्याचा नकाशा आधी हवा.

इरॉसच्या दर्शनी भागावर आग्र्याचा तांबडा वालुकाश्म आहे, त्याची जात आणखी वेगळी. त्याच्या सांध्यांत घट्ट सिमेंट भरलं की आत मुरलेल्या पाण्याला सांध्यातून वाट उरत नाही. ते दगडातून सुकतं, क्षार पृष्ठभागाखाली स्फटिक होतात आणि दगडाचे पापुद्रे निघतात. तिथे चुन्याचंच मॉर्टर हवं, दगडापेक्षा मऊ.

आणि छज्ज्याच्या खालच्या बाजूला, कडेपासून दीड-दोन इंच आत, एक बारीक खाच असते. पावसाचं पाणी तिथपर्यंत येऊन थेंबाने खाली गळतं, भिंतीपर्यंत पोचत नाही. रंगकामात ही खाच पुट्टीने भरली जाते. पुढच्या पावसाळ्यात पाणी छज्ज्याच्या पोटावरून सरळ भिंतीत उतरतं. रंगाऱ्याला काम देतानाच ती खाच बोटाने दाखवून ठेवावी.